विठाताई सही बाकी

कॅम्प ४, उल्हासनगर
३० ऑक्टोबर २०२५

चि. कैलास यास आशीर्वाद.

वडील बहिणीने धाकट्या भावाला असंच लिहायचं असतं म्हणून लिहिला. आत्ता मनात आशीर्वाद नाही, चीड आहे.

पाकीट बघून तू म्हणशील, ताईला नवा कोरा फोन घेऊन दिला आणि ही पत्रं पाठवते. फोनवर तू मला बोलू देतोस कुठे? मी "अरे ऐक" म्हटलं की तुझं "ताई, साईटवर आहे, नंतर करतो" सुरू होतं. भाऊबीज होऊन आठवडा झाला, तुझं नंतर अजून उजाडलेलं नाही. पत्र निदान मधेच कापता येत नाही. पाकीट घ्यायला पोस्टात गेले तर तिथल्या बाईने विचारलं, यात काय पाठवणार, राखी उरली होती का? मी म्हटलं, नाही, भांडण आहे. ती म्हणाली, मग वजन करून तिकीट लावावं लागेल.

तर तुझा फोन. पहिली गोष्ट, तो माझ्या बटव्यात मावत नाही. दुसरी, त्याला माझं बोट कळत नाही. नऊ वर्षं मी जीन्सचे धागे कापते, बंडलावर बंडल. बोटांना निळा रंग बसलाय, अंगठ्याच्या रेघा झिजल्यात. मी अंगठा ठेवते, तो म्हणतो पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवते, तो म्हणतो बोट पुसा. माझ्या लेकीने, श्रद्धाने मग तोंडावर उघडायचा करून दिला. पण काम करताना कापसाची धूळ नाकात जाते म्हणून मी फडकं बांधते, तेव्हा तो मला तोंडावरून पण ओळखत नाही. मग लेक म्हणते नंबर टाक. म्हणजे माझ्याच घरात दिवसातून पन्नास वेळा मी कोण ते सांगायचं.

आणि त्यात ही माणसं कोण भरली आहेत? मी श्रद्धाला फोन लावायला जाते तर श्रीपत जेसीबी निघतो. चारशे बारा माणसं आहेत, श्रद्धाने मोजली. तुझे दाजी म्हणाले, तुझ्या ओळखी भारी वाढल्या की. मी त्यांच्यावर पण ओरडले.

घाई केलीस तू, कैलास. दुकानात त्या सिंधी काकांनी विचारलं, "दीदी का मेल आयडी क्या है?" मला कुठला मेल. तू म्हणालास, "मेरा ही डाल दो सेठ, टाइम नहीं है." माझा जुना बटणांचा फोन, ज्यात सगळे नंबर होते, तो मला न विचारता त्यांच्या खोक्यात टाकलास. घरी येऊन पाटावर बसलास, मी ओवाळलं, ताटात फोन ठेवलास, अर्धी करंजी खाऊन गेलास. ओवाळणीत काय आलं ते लगेच उचलून बघू नये, किंमत विचारू नये आणि परत तर कधीच करू नये, हे आईने मला आणि किर्तीला शिकवलंय. म्हणून गप्प राहिले.

जाता जाता चपला घालताना सहीचं बोललास. डिसेंबरात यायचंय, शेताचं काम मार्गी लागतंय. खालच्या शेताची ना? करीन. आण्णा जाऊन सहा वर्षं झाली, शेतावर आपण तिघं भावंडं आणि आई अशी चार नावं लागली, आणि भात लावायला आता कोणी नाही. किर्तीने सही केली, मी पण करीन. फोन आणि सही एकाच दिवशी कशी आली, हा विचार माझ्या मनात आला होता. मी तो झटकला. तुला सांगून टाकला, बस.

तुझी ताई


९ नोव्हेंबर २०२५

कैलास,

आशीर्वाद राहू दे आज.

काल कारखान्याचा मुनीम बंडल घेऊन आला आणि म्हणाला, मौसी, अपना नंबर लिखवा दो. मला माझा नंबर पाठ नाही. श्रद्धा घरी नव्हती. मी म्हटलं एवढी माणसं आहेत त्यात मी पण असेन, शोधते. वि लिहिलं. वर आलं, "विठाताई सही बाकी".

आधी वाटलं कोणाचा तरी निरोप आलाय. चष्मा पुसून परत वाचलं. खाली माझाच नंबर होता, मुनिमाने लावून बघितला तर हातातलाच फोन वाजला. नंबर बघायला तो वाकला होता, वरचं नाव पण त्याने वाचलं. तो हसला. त्याला मराठी वाचता येतं, कैलास. चाळीस वर्षं झाली त्याला इथे.

मग मी किर्ती शोधली. "किर्ती सही झाली". नंतर कात्री बाजूला ठेवली आणि सगळी यादीच वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पाटील खडी. दिपेश सेंट्रिंग. श्रीपत जेसीबी. महेंद्र वकील. तुझ्या धंद्यातली माणसं कामावरून लिहिलेली, ते मला समजतं. खडी टाकणाऱ्याला खडी म्हणायचं. पण माझं काम काय लिहिलंस तू? सही. आणि ते पण बाकी.

तू जन्माला आलास तेव्हा मी बारा वर्षांची होते. आई लावणीला जायची, तुला कोण बघणार म्हणून माझी सातवीनंतर शाळा सुटली. मी कधी बोलून दाखवलं? आज दाखवते. तू मला ताई म्हणायच्या आधी आई म्हणायचास, म्हणून आई रुसायची. तोच तू फोनात माझ्या नावापुढे असं लिहून ठेवतोस, जसं खोलीवर लिहितात, प्लास्टर बाकी, लादी बाकी.

आईचं नाव बघितलं. तिथे नुसतं "आई" आहे. तेवढं बघून जरा बरं वाटलं.

हे वाचून मला फोन कर. साईटवरून कर, नाहीतर संडासातून कर.

विठाताई. पुढचं तू लिहिलेलंच आहेस.


१४ नोव्हेंबर २०२५

कैलास,

पत्र पोचलं म्हणायचं. परवा दुपारी फोन उघडला तर माझं नाव "विठाताई" झालेलं होतं. किर्तीचं नुसतं "किर्ती". तेवढं खोडायला तुला वेळ झाला. फोन करायला नाही झाला.

आणि मला फार नवल वाटलं, की तू तिकडे गावी, खरवईत बसून माझ्या फोनातलं नाव बदललंस कसं. म्हणून फोन घेऊन त्या काकांच्या दुकानात गेले. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, "दीदी, इसमें आपके भाई का अकाउंट है ना, तो उनका सब इधर आएगा, आपका सब उधर जाएगा. निकाल दूँ क्या?"

मी म्हटलं, रहने दो.

खोटं कशाला सांगू. मला बघायचं होतं. तू मला काही सांगत नाहीस, तर तुझा फोन सांगेल असं वाटलं. वाईट सवय आहे, तुझे दाजी पण म्हणाले. त्यांना म्हटलं, वाईट सवयीचा माणूस कोण ते ठरायचंय अजून.

पण घरी येताना रस्त्यात डोक्यात प्रकाश पडला. तुझं सगळं इकडे, तर माझं सगळं तिकडे. म्हणजे भाऊबिजेपासून मी काढलेले फोटो तुझ्याकडे आहेत. कितीसे असणार. मुनिमाला दाखवायला फाटक्या पॅन्टींचे सात-आठ. श्रद्धाला अंबरनाथच्या ऑफिसातून बढतीचं पत्र आलं त्याचा एक, तो मी मुद्दाम उजेडात धरून काढला होता. आणि माझ्या गुडघ्याच्या एक्सरेचे तीन. डॉक्टरने सांगितलं वाटी झिजली आहे, खाली बसायचं काम बंद करा. हे मी माहेरी कोणालाच कळवलं नव्हतं. पण तुला कळलं असणार. तुझ्या खडीच्या आणि स्लॅबच्या फोटोंच्या मधे एक हाडाचा फोटो आला तर माणूस विचारतो की हा कोणाचा पाय. भाची वर चढली तर माणूस एक शब्द तरी पाठवतो. तू बघितलं नाहीस, की बघून पुढे सरकवलंस? यातलं कुठलंही उत्तर मला आवडणार नाही.

किर्तीला मी नावांचं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, तू पण ना. सगळ्याच बहिणी सोडतात. माहेर टिकवायचं तर एवढं करावं लागतं." मी तिला विचारलं, तू कागद वाचलास का? ती म्हणाली, "भावाचा कागद काय वाचायचा, बरं दिसतं का ते." ती तशीच आहे आणि मी पण तशीच सही करणार होते, म्हणून तिला जास्त बोलले नाही.

आता मी काय केलंय ते ऐक. नाव बदलता येतं हे तूच शिकवलंस. मी माझ्या नावापुढे लिहिलंय, "विठाताई गुडघा दुखतो". आता मी फोन केला की ते तुझ्या डोळ्यांसमोर येईल. बघू वाचता येतं का.

विठा


२३ नोव्हेंबर २०२५

कैलास,

"विठाताई गुडघा दुखतो" नऊ दिवस तुझ्या फोनात आहे. मी चार वेळा तुला लावला. दोनदा कापलास, दोनदा वाजून वाजून थांबला. म्हणजे चार वेळा वाचलंस.

ते सोड. गुडघ्याचं पत्र नाही हे.

बारा तारखेला आईचा फोन आला होता. खुशीत होती, म्हणजे मला तसं वाटलं. म्हणाली, कैलासने रिक्षा करून हयातीच्या दाखल्याला नेलं, येताना मसाला दूध पाजलं, धर धर म्हणून हात धरून जिना चढवला. दर नोव्हेंबरात आण्णांच्या पेन्शनीसाठी तिला बँकेत जिवंत असल्याचा कागद द्यावा लागतो. सहा वर्षं ती शेजारच्या सखूला घेऊन जाते, या वर्षी मुलाने नेलं. मी तुझ्यावर इतकी चिडलेली असून सुद्धा त्या दिवशी दाजींना म्हटलं, आईचं तरी बघतो हो तो.

काल श्रद्धा तिच्या पत्राचा फोटो शोधत होती, तिला कोणाला तरी पाठवायचा होता. मागे जाता जाता बारा तारीख आली. तिने फोन माझ्याकडे दिला आणि उठून पाणी प्यायला गेली.

आई खुर्चीवर बसली आहे. डोक्यावरचा पदर मागे घेतलाय, जसा फोटोसाठी घ्यायला सांगतात. समोर टेबलावर ते बोटाचं यंत्र. पाठीमागे भिंतीवर पाटी आहे आणि पाटीवर बँकेचं नाव नाही, कैलास. पाटी दुय्यम निबंधकाची आहे. शेजारी काळ्या कोटात तुझा महेंद्र वकील. तू फोटोत नाहीस, कारण फोटो तू काढलास.

पुढचे अकरा फोटो कागदाचे. श्रद्धाने बोटांनी मोठे करून करून वाचले, मी ऐकत होते. कुलमुखत्यारपत्र. आई तिच्या हिश्श्याचे सगळे अधिकार तुला देते. खालच्या शेताचा गट नंबर, बरोबर. मग त्याच्या खाली दुसरी ओळ. गावठाणातलं घर, घर नंबर, मागची मोकळी जागा, मोरी आणि गोठ्यासकट. श्रद्धाने विचारलं, आई, हे आजी राहते तेच ना? मी म्हटलं परत वाच. तिने परत वाचलं. तेच होतं. किर्तीचा कागद पण त्यातच सापडला, त्यात पण ती ओळ आहे, तिने वाचली नाही म्हणून तिला माहीत नाही. आणि माझा कागद तयार करून ठेवलेला. फक्त सहीची जागा कोरी.

आणखी, बिल्डरचा एक नकाशा आहे. मोठी इमारत, तिच्यापुढे रस्ता. रस्ता आईच्या चुलीवरून जातो.

तू मला शेत म्हणालास. चपला घालता घालता, माझ्या दारात, कपाळाला माझं कुंकू असताना तू शेत म्हणालास. आणि आईला तर शेत पण नाही म्हणालास. जिवंत असल्याचा दाखला म्हणून नेलंस आणि राहतं घर काढून घेतलंस. वर दूध पाजलंस.

आता मला कळलं तिचं नाव फोनात नुसतं "आई" का आहे. तिच्यापुढे काही लिहायची तुला गरज पडली नाही. तिचं बाकी राहणारच नव्हतं, रिक्षात बसवलं की काम झालं.

माझी सही धरू नकोस. फोन कर. या वेळी शिव्या द्यायला फोन कर हवं तर, पण कर.

विठा


२९ नोव्हेंबर २०२५

कैलास,

आज सकाळी फोन उघडला तर रिकामा. खडी नाही, जेसीबी नाही, वकील नाही. फोटो गेले. माझी पण माणसं त्यांच्याबरोबर गेली, श्रद्धा, तुझे दाजी, मुनीम, डॉक्टर, सगळी. एक पाटी आली आहे, पुन्हा पासवर्ड टाका. तुझा पासवर्ड मला कुठून माहीत असणार.

ओवाळणी दिलीस आणि आतून रिकामी केलीस.

एक सांगते म्हणजे तुझा जीव उगाच हलका व्हायला नको. ते अकरा फोटो श्रद्धाने सोमवारीच झेरॉक्सच्या दुकानातून कागदावर छापून आणले आहेत. पिशवीत घालून पिठाच्या डब्याखाली ठेवले आहेत. मी सातवी आहे, पण माझी लेक नाही.

किर्तीच्या हाती निरोप पाठवलास. आईचं घर पडायलाच आलंय, पत्रे गळतात, तिला माझ्या फ्लॅटमध्ये मोठी खोली देणार आहे, ताईला समजाव. किर्ती रडत होती, म्हणून मी तिच्यावर ओरडले नाही, ऐकून घेतलं. तुझा फ्लॅट घरापासून दहा मिनिटांवर आहे. तीन वर्षं झाली तुला तो घेऊन. आई तिथे किती दिवस राहिली, मोज. वास्तूच्या दिवशी जेवायला गेली होती आणि संध्याकाळी परत आली, कारण तिची खोली तुम्ही सामान ठेवायला घेतली होती. पत्रे गळतात तर सेंट्रिंगवाला तुझ्या फोनात होता. चार पत्रे बदलायला त्याला किती वेळ लागला असता?

मागितलं असतंस ना, कैलास. पाटावर बसून, ताई, धंद्यात अडकलोय, घराची जागा हवी, आईचं असं असं करतो, असं तोंडाने म्हटलं असतंस. मी भांडले असते, रडले असते, आणि बहुतेक दिलं असतं. तुझं कधी काही ठेवून घेतलंय का मी? याचाच मला जास्त संताप येतो. तुला फसवायची गरज नव्हती.

पुढच्या शनिवारी मी आईकडे जाणार आहे. तू घरी नसताना जाणार आहे. तिला हे कागद वाचून दाखवणार. तिला कळायला हवं तिच्या मुलाने तिचा अंगठा कशाला घेतला.

विठा


१० डिसेंबर २०२५

कैलास,

हे शेवटचं पत्र. नीट बसून वाच.

शनिवारी गेले. बदलापूरला उतरले, गुडघ्यामुळे पूल उतरून रिक्षा करून पोचायला पाऊण तास लागला. आई ओटीवर वाल सोलत बसली होती. मला बघून म्हणाली, "आलीस गो? बस, चाय टाकतंय." मी म्हटलं, चहा नको, आधी बस. पिशवीतून कागद काढले आणि वाचायला घेतले. गट नंबर झाला, घर नंबराची ओळ दोनदा वाचली. ती वाल सोलतच होती.

मी म्हटलं, आई, ऐकतेस ना? तुला फसवलंय त्याने. तो हयातीचा दाखला नव्हता.

ती म्हणाली, "मना ठावं हाय."

मला वाटलं तिला समजलं नाही. मी परत सांगायला गेले तर तिने हात वर केला. "हयातीचा दाखला बँकेत गावतो, ते काय मना ठावं नाय? सहा वर्सां जातंय मी. रिक्षा बँकेपुढून निघून गेली तवाच समाजला. मी काय बोलली नाय. वाटला, सांगल वाटेत."

मी विचारलं, मग तिथे अंगठा कशाला दिलास?

तेव्हा तिने सोललेले वाल बाजूला केले. "त्या सायबानं इचारला, आजी, कशाला आलाव ठावं हाय ना, कोणी जबरदस्ती नाय ना केली? मी कैलासचा तोंड बघितला. पांढरा पडलेला. लहानपनी गूळ चोरून खाल्ल्यावर व्हायचा तसा. मी नाय म्हटला असता तर सगल्यांच्या देखत माझा पोर खोटा पडला असता. वकील व्हता, लोका व्हती. मना नाय त्याची शोभा करवली. म्हटला हो, ठावं हाय, आनि अंगठा ठेवला."

ऐकलंस? तू तिला फसवलं नाहीस. तुला ते जमलं सुद्धा नाही. तू त्या टेबलापाशी घाम पुसत उभा होतास आणि एक म्हातारी बाई तुझ्याकडे बघून ठरवत होती, की घर द्यायचं का मुलाला तोंडघशी पाडायचं. तिने घर दिलं. नंतर तू पाजलंस ते दूध पण ती प्याली, आणि मला फोन करून तुझं कौतुक केलं, म्हणजे मला संशय येऊ नये. तुझं खोटं तुझ्यापेक्षा तिने चांगलं निभावलं.

मी तिच्यावर चिडले. तुझ्यापेक्षा जास्त चिडले त्या वेळी. म्हटलं, आणि तू कुठे राहणार? रस्त्यावर? ती म्हणाली, तिथे असताना गेलं तर गेलं असं वाटलं, घरी आल्यावर कुलूप उघडताना रडू आलं. दोन दिवस ती जेवली नाही. सखूने आणून दिलेली भाकरी पण परत केली. तुला यातलं काही माहीत नाही, तू तेव्हा माझं नाव खोडत होतास.

मग ती जे बोलली ते मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. म्हणाली, "तू नको करू सही. मी आई हाय, मना नाय जमला. तुना जमंल. तू पयल्यापासून कडक हायेस."

म्हणजे बघ. तिने हो म्हणायचं आणि नाही मी म्हणायचं. तू तिचा लाडका राहणार आणि गावात बोलणी मी खाणार, की बहिणीने भावाचं चांगलं बघवलं नाही. लाड तुझे आणि वाईटपणा माझा, ही आपल्या घरातली वाटणी मी बारा वर्षांची असताना झाली, तिला कुठलं निबंधक कार्यालय लागलं नाही. मी तिला हे तोंडावर बोलले. ती उठली आणि माझ्या गुडघ्याला तेल लावायला लागली. मी लावू दिलं. तिला कोणी सांगितलं होतं गुडघ्याचं? कोणीच नाही. ओटीची पायरी चढताना तिने बघितलं, बस.

आता कामाचं.

सोमवारी पंधरा तारखेला अकरा वाजता माझ्या सहीची वेळ घेतली आहेस, हे मला किर्तीकडून कळलं. तुझ्याकडे चार दिवस आहेत. कागदातून घराची ओळ काढ. आईकडून घेतलेलं कुलमुखत्यारपत्र रद्द कर आणि ते घर ती असेपर्यंत तिचं, असं वकिलाकडून लिहून आण. किर्तीच्या कागदातली ती ओळ पण काढ, तिला आता मी वाचून दाखवली आहे. रविवारी माझ्याकडे ये, आणि जे काय हवं असेल ते समोर बसून तोंडाने माग. असं केलंस तर सोमवारी मी तुझ्याबरोबर येईन आणि शेताची सही करीन. मनात काही ठेवणार नाही. निदान तसा प्रयत्न करीन.

नाही आलास, तरी सोमवारी मी येणार आहे. श्रद्धाने सुट्टी टाकली आहे. किर्ती पण येते म्हणाली, मला खरं वाटलं नाही, पण म्हणाली. ते छापलेले कागद घेऊन मी त्याच खुर्चीवर बसेन. साहेब विचारतील, कशाला आलात माहीत आहे ना, कोणी जबरदस्ती नाही ना केली? ते सगळ्यांना विचारतात. मी त्यांना पहिल्यापासून सांगेन. रिक्षा बँकेपुढून कशी गेली ते सांगेन. तुझा वकील उभा असेल, बिल्डरची माणसं असतील, गावातलं पण कोणी ना कोणी असतंच.

आईला तुझी शोभा करवली नाही, कैलास. मला करवेल.

विठा